राग सुटलेला नाही, तरी विहारात धम्म सांगावा का?

जय भीम, नमो बुद्धाय.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाडीच्या विहारात वर्षावासात (पावसाळ्याच्या तीन महिन्यांत) तुम्ही बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वाचता, मुलांकडून वंदना म्हणून घेता. आता लोक म्हणतात, ध्यानही शिकवा. पण तुमचा राग सुटलेला नाही, रोजचे बसणे मध्येच तुटते, भावकीत जमिनीवरून बोलाचाली झाली की तोंडातून नको ते निघते. त्यातच एक वडीलधारे सगळ्यांसमोर म्हणाले, ‘आधी स्वतः सुधार, मग आम्हाला सांग.’ तेव्हा थांबावे की पुढे जावे?

पुढे जा. मात्र ग्रंथ वाचणे, शील समजावणे, ध्यान शिकवणे आणि कुणाच्या अडचणीत सल्ला देणे ही चार वेगळी कामे आहेत आणि प्रत्येकाची पात्रता वेगळी आहे. एकाची पात्रता आली म्हणून दुसऱ्याची आपोआप येत नाही. तसेच एकाची नाही म्हणून चारही सोडून घरी बसण्याचे कारण नाही.

त्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्याला आधार आहे. धम्मपदाची १५८ वी गाथा तेच सांगते: ‘अत्तानमेव पठमं पतिरूपे निवेसये, अथञ्ञमनुसासेय्य.’ आधी स्वतःला योग्य जागी स्थिर करावे, मग दुसऱ्याला उपदेश करावा. मज्झिम निकायातले (बुद्धांच्या पाली प्रवचनांच्या, म्हणजे सुत्तांच्या, एका संग्रहातले) आठवे सल्लेख सुत्त तर आणखी कडक आहे. चिखलात रुतलेला माणूस चिखलात रुतलेल्या दुसऱ्याला बाहेर काढील हे शक्य नाही, असे बुद्ध चुन्द थेरांना (थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू) सांगतात. हे वाक्य ऐकून बरेच प्रामाणिक लोक मागे सरकतात. पण ते वाक्य कुठे आले आहे ते पाहा. त्याच सुत्तात ४४ दोषांची यादी आहे. सुरुवात हिंसेपासून होते, मग पंचशीलात येणारे दोष, पुढे क्रोध, वैर, मत्सर, आणि शेवटी आपलेच मत धरून बसणे. प्रत्येक दोषासमोर त्याच्यातून सुटण्याची वाट स्वतंत्र दिली आहे. म्हणजे चिखल एकच नाही. माणूस एका जागी रुतलेला आणि दुसऱ्या जागी कोरड्यावर उभा असू शकतो. दारूचा थेंब न घेणारा पण तापट माणूस दारूबद्दल अधिकाराने बोलू शकतो. रागाबद्दल त्याने शिकणाऱ्यांच्या ओळीत बसावे. स्वतःकडे ‘मी शुद्ध की अशुद्ध’ असे एकदम न पाहता एकेक दोष घेऊन पाहा, उत्तर बरेच स्पष्ट मिळते.

आपल्या कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्याने या प्रश्नासाठी आधी पुण्ण थेरांचे सुत्त वाचावे, मज्झिम निकायातले १४५ वे. पुण्ण भिक्खू सुनापरांतात जायला निघाले. सुनापरांत म्हणजे उत्तर कोकणचा, सोपाऱ्याच्या आसपासचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आज नालासोपाऱ्यात जो स्तूप दिसतो, जो भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खणला, तोच हा परिसर. बुद्धांनी त्यांना विचारले, ‘तिथले लोक रागीट आणि कठोर आहेत, त्यांनी तुला शिव्या दिल्या तर?’ पुण्ण म्हणाले, ‘हाताने मारत नाहीत, म्हणजे भलेच आहेत असे मानेन.’ हाताने मारले तर? ढेकळे मारली तर? काठीने, शस्त्राने मारले तर? शेवटी जीव घेतला तर? प्रत्येक वेळी उत्तर त्याच शांतपणाचे. तेव्हा बुद्ध म्हणाले, एवढा संयम आणि उपशम तुझ्याजवळ आहे, तू तिथे राहू शकशील.

बुद्धांनी काय तपासले, यावर थांबून विचार करा. ‘तू अर्हत (पूर्ण मुक्त) झालास का?’ हे त्यांनी विचारले नाही. ज्या लोकांत जायचे, तिथे जो गुण नसेल तर काम बिघडेल, तेवढाच एक गुण पाहिला, आणि तो सहा वेळा खोदून पाहिला. पुढे सुत्त सांगते की त्याच वर्षावासात पुण्णांनी ५०० उपासक आणि ५०० उपासिका धम्मात आणल्या आणि त्याच वर्षावासात त्यांनी स्वतः तीन विद्या साक्षात केल्या, म्हणजे मुक्ती मिळवली. कोकणात येताना ते मार्ग पूर्ण केलेले नव्हते. लोकांना धम्म सांगणे आणि स्वतःची वाट संपवणे एकाच पावसाळ्यात घडले.

अशी उदाहरणे आणखी आहेत. बुद्धांच्या हयातीत आनंद थेर स्रोतापन्नच, म्हणजे मुक्तीच्या पहिल्या टप्प्यावरच, होते, तरी भिक्खू, भिक्खुणी, उपासक, सगळ्यांना शिकवत होते. ते अर्हत झाले राजगृहाच्या पहिल्या संगीतीच्या (भिक्खूंच्या धम्मसभेच्या) आदल्या रात्री. चित्त गृहपती तर संसारी माणूस, त्यांना बुद्धांनी धम्म सांगणाऱ्या उपासकांत अग्र म्हटले. संयुत्त निकायात खेमक भिक्खूंचे सुत्त आहे. ते आजारी आहेत, अर्हत नाहीत, आणि ‘मी आहे’ हा सूक्ष्म भाव माझ्यात अजून शिल्लक आहे, असे स्पष्ट सांगून बोलतात. ते बोलणे चालू असताना ऐकणारे सुमारे ६० थेर मुक्त झाले आणि बोलणारे खेमकही मुक्त झाले. अंगुत्तर निकायात मुक्तीच्या पाच द्वारांत एक द्वार असे आहे की माणूस जसे ऐकले, जसे शिकला, तसा धम्म दुसऱ्याला विस्ताराने सांगतो आणि सांगता सांगता त्यालाच अर्थ उमगतो. ‘जसे ऐकले, जसे शिकला’ ही त्यातली अट विसरू नका, पुढे तिचे काम आहे.

एक सावधगिरी. ‘चरथ भिक्खवे चारिकं, बहुजनहिताय बहुजनसुखाय’ (भिक्खूंनो, बहुजनांच्या हितासुखासाठी फिरत राहा) हे वाक्य आपल्या प्रत्येक बॅनरवर असते. ते पहिल्या ६० अर्हतांना उद्देशून आहे. ते आपल्यासाठी परवाना म्हणून वापरणे मला पटत नाही. आपल्यासारख्या उपासकांसाठी अंगुत्तर निकायाच्या चौथ्या निपातातली (भागातली) सुत्ते अधिक नेमकी आहेत. तिथे माणसांचे चार प्रकार केले आहेत: ना स्वतःच्या हिताचा ना दुसऱ्याच्या, फक्त दुसऱ्याच्या हिताचा, फक्त स्वतःच्या, आणि दोघांच्याही. त्यांतल्या एका सुत्तात मापच पंचशीलाचे आहे. जो स्वतः पाच शीले पाळतो आणि दुसऱ्याला पाळायला प्रवृत्त करतो, तो दोघांच्याही हिताचा, आणि तोच चौघांत श्रेष्ठ. त्याच गटात हेही सांगितले आहे की फक्त दुसऱ्याचे हित पाहणाऱ्यापेक्षा फक्त स्वतःचे हित साधणारा वरचा. कार्यकर्त्यांना हे टोचते. समाजासाठी रात्रंदिवस धावतो पण स्वतः शील पाळत नाही, अशा माणसाला बुद्धांनी तिसऱ्या क्रमांकावर ठेवले आहे.

बोधिसत्त्वाचा आदर्शही इथे लागू आहे. बोधिसत्त्वाला अजून बोधी मिळालेली नसते, तरी तो पारमिता (दान, शील यांसारखे पूर्णत्वाला न्यायचे गुण) पुऱ्या करत इतरांसाठी झटतो. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचा मोठा शिल्पपट आहे. निरनिराळ्या संकटांत सापडलेली माणसे त्याला हाक मारताहेत आणि तो मधोमध उभा आहे. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांतही दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा आहे. स्वतः बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात महास्थविर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि लगेच, गृहस्थ असूनही, समोरच्या लाखोंना स्वतः दीक्षा दिली. गृहस्थाने गृहस्थाला धम्माच्या दारापर्यंत आणणे ही आपल्या परंपरेची सुरुवातच आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे.

ग्रंथवाचन कुणीही करावे. त्रिसरण-पंचशील घेतलेला आणि स्पष्ट वाचणारा माणूस पुरे. शील समजावण्यासाठी माझे माप असे: जे शील सांगायचे ते किमान एक वर्षावास, म्हणजे तीन महिने, न मोडता पाळलेले असावे. बाकीची चार शीले स्थिर असतील आणि पाचांतले चौथे, वाणीचे, डळमळत असेल, तर चारांवर तुम्ही बोला आणि वाणीच्या दिवशी फक्त मूळ वाचा किंवा दुसऱ्याला बोलू द्या. ऐकणाऱ्यांना फरक लगेच कळतो. तुमच्या घरातला आवाज वाडीला ऐकू जातो.

आनापान (श्वासावर लक्ष ठेवण्याचे ध्यान) शिकवायचे तर स्वतःचे रोजचे बसणे वर्षभर तरी अखंड असावे आणि एखादे-दोन शिबिर जाणत्या आचार्याकडे झालेले असावे. तुमचे बसणे तुटते, म्हणून आज शिकवू नका. पण सगळ्यांसोबत बसा. दहा मिनिटे, घड्याळ लावून, श्वास नाकपुडीशी येतो-जातो एवढेच लक्षात ठेवायचे. इतके सांगणे म्हणजे ध्यानाचे आचार्य होणे नव्हे. त्यापुढे ज्याला जायचे त्याला इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात किंवा जवळच्या केंद्रावर दहा दिवसांच्या शिबिराला पाठवा. फी लागत नाही. त्या परंपरेत शिबिर करून आलेल्याने इतरांना विधी शिकवायचा नसतो, त्यासाठी नेमलेले आचार्य असतात. हा नियम मोडून वाडीत ‘छोटे शिबिर’ घेणारे भेटतात. तिसऱ्या दिवशी कुणाला जुनी भीती किंवा रडू दाटून आले की काय करायचे हे त्यांना माहीत नसते, आणि नुकसान शिकणाऱ्याचे होते.

दहा मिनिटांतही काही गोष्टी बिघडतात. लोक श्वास मुद्दाम लांब ओढतात आणि डोके हलके होते. त्यांना म्हणावे, श्वास जसा आहे तसाच राहू द्या. वयस्क माणसांना गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नाही. खुर्ची द्या, पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. लावणीच्या दिवसांत सगळ्यांत मोठी अडचण झोपेची. दिवसभर चिखलात वाकलेले शरीर डोळे मिटताच झोपते, त्यात लाज नाही. मोगल्लान थेरांनाही झोप येत होती आणि बुद्धांनी त्यांना सात उपाय सांगितले: मनातला विषय बदलणे, ऐकलेल्या धम्माचा विचार, पाठ म्हणणे, कान ओढून हातपाय चोळणे, उठून डोळ्यांना पाणी लावणे आणि दिशांकडे पाहणे, प्रकाशाची भावना, चालणे. एवढ्यानेही भागले नाही तर उजव्या कुशीवर पडून विश्रांती घ्यावी, असेही सांगितले. जुलैत बसण्याऐवजी विहाराच्या पडवीत सावकाश चालायला लावा.

राग असलेल्याने मैत्री भावना (सर्वांविषयी सद्भाव वाढवण्याचे ध्यान) शिकवावी का, असेही विचारले जाते. शिकवण्यापेक्षा सोबत करावी, आणि क्रम चुकवू नये. विसुद्धिमग्ग या ध्यानावरच्या जुन्या पाली ग्रंथातला क्रम असा: आधी स्वतः, मग आदरणीय व्यक्ती, मग प्रिय, मग ज्याच्याशी देणेघेणे नाही असा, आणि सर्वांत शेवटी वैरी. आपल्याकडे लोक उत्साहाने पहिल्याच दिवशी सामाईक सातबाऱ्यावर नाव असलेला चुलतभाऊ मनात आणतात. पाच मिनिटांत मैत्री बाजूला राहते आणि बांधाचा वाद मनात पुन्हा सुरू होतो. त्या चुलतभावाला कित्येक महिने मागे ठेवा. रोज वाडीतून जाणारा एसटीचा कंडक्टर घ्या, तो ‘देणेघेणे नाही’ या जागी बरोबर बसतो.

बोलण्याचा क्रम बुद्धांचाच घ्यावा. नव्या माणसाशी ते दानापासून सुरू करत, मग शील, मग कर्माचे सुखद फळ, मग कामसुखातले दोष, मग त्यागाचा लाभ, आणि मन मऊ झाल्यावर चार आर्यसत्ये. वर्षावासात साधारण १३ आठवडे मिळतात. दोन आठवडे दानाला, पाच शीलांना पाच, मधल्या तीन विषयांना एकेक, आणि तीन आर्यसत्यांना. बैठक ५० मिनिटांच्या वर नेऊ नका: वंदना दहा, वाचन पंधरा, बसणे दहा, बाकी वेळ प्रश्नांना. लावणी चालू असेपर्यंत रात्री साडेआठच्या आधी कुणी येत नाही आणि वीज जाते, म्हणून वाचायची पाने आधी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा व कंदील किंवा बॅटरी विहारातच असू द्या.

आर्यसत्यांच्या आठवड्यात एक खरा प्रश्न येतो. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारले आहे की चार आर्यसत्ये बुद्धांच्या मूळ शिकवणीत होती का. पाली सुत्ते तर पहिल्या प्रवचनापासून ती सांगतात. इथे वक्ते दोनपैकी एक बाजू लपवतात. तसे करू नका. बाबासाहेबांचा प्रश्न काय आहे ते वाचून दाखवा, धम्मचक्कप्पवत्तन सुत्त काय म्हणते तेही वाचा, आणि निकाल न देता सभा संपवा. ‘जसे ऐकले, जसे शिकला’ ही अट इथे पाळली जाते. बोलताना तीन दर्जे कायम वेगळे ठेवा: हे ग्रंथात आहे, हे मी करून पाहिले आहे, हे मला ठाऊक नाही. तिसरे वाक्य महिन्यातून एकदाही तोंडी येत नसेल तर पहिल्या दोनांत भेसळ होते आहे असे समजा. ध्यानातल्या अनुभवांबद्दल तर बोलूच नका. खोटा दावा करणारा भिक्खू संघातून बाद होतो, आणि खरा अनुभवही उपसंपदा (भिक्खू-दीक्षा) न झालेल्याला सांगणे विनयात (संघाच्या नियमांत) दोष आहे. गृहस्थाला तो नियम लागू नाही, पण कारण लागू आहे: लोक धम्माऐवजी तुमच्याकडे बघू लागतात.

चुकलेल्याला चूक दाखवण्याआधी बुद्धांनी पाच गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: वेळ योग्य आहे का, गोष्ट खरी आहे का, शब्द मृदू आहेत का, त्याचा उपयोग होईल का, मनात मैत्री आहे का. गणपतीत चाकरमानी गावी येतात, घर भरलेले असते, आणि नेमके तेव्हा एखादा तरुण आजीच्या जुन्या देवखोलीवरून तिला सगळ्यांसमोर २२ प्रतिज्ञा ऐकवतो. गोष्ट खरी असेल. वेळ, शब्द आणि मन, तीनही चुकलेले असतात. आजी पुढे वर्षभर विहारात येत नाही.

दोन ठिकाणी मात्र धम्म बाजूला ठेवून आधी डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्याने तुमचे ऐकून एका दिवसात दारू बंद केली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास, झटके येऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. त्याला शील देण्याआधी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवून औषधांखाली दारू सोडवा, घरच्यांना हे नीट समजावा. दुसरे, ज्याला आवाज ऐकू येतात, दिवसेंदिवस झोप नाही किंवा मरणाचे विचार येतात, त्याला ध्यानाला बसवू नका.

मयताच्या घरी अनित्यतेचे प्रवचन पहिल्या दिवशी देऊ नका. वंदना घ्या, जेवणाची, लाकडांची सोय बघा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसे ऐकू शकतात. तेव्हाही दहा मिनिटे पुरे.

पैसा हातात घेऊ नका. धम्म सांगणाऱ्याच्या पाच अटींत ‘लाभासाठी नाही’ ही एक अट आहे. दान विहाराच्या पेटीत, पावती समितीची, हिशेब दर पौर्णिमेला फळ्यावर. समितीत तुम्ही खजिनदार असाल तर एक काम सोडा.

राहिला तुमचा राग. तो ज्या दिवशी लोकांसमोर फुटेल त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, त्या माणसाच्या दारात जाऊन ‘माझे चुकले’ म्हणा. ‘पण तूही’ हे शब्द जोडू नका. दोष दोष म्हणून पाहून त्याची भरपाई करणे ही आर्यांच्या विनयात वाढ आहे, हे वाक्य सुत्तांत वारंवार येते. राहुलला दिलेला उपदेशही रोज वापरण्यासारखा आहे: काम करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर, तिन्ही वेळा तपासायचे की याने मला किंवा दुसऱ्याला दुखापत होते का. केल्यावर दोष दिसला तर जाणत्या सोबत्याला उघड सांगायचे. असा एक सोबती आत्ताच ठरवा, शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने मोठा आणि विहारात न बोलणारा. ज्यांनी तुम्हाला सर्वांसमोर सुनावले ते वडीलधारे यासाठी योग्य वाटतात, एकदा विचारून पाहा.

आणि अश्विनी पौर्णिमेला वर्षावास संपताना भिक्खूसंघ पवारणा करतो. प्रत्येक भिक्खू, थेरसुद्धा, संघाला विनंती करतो की माझे जे काही पाहिले, ऐकले किंवा ज्याची शंका आली ते मला सांगा. उपासकाला हा विधी नाही, पण त्याची रीत घेता येते. शेवटच्या बैठकीच्या आदल्या आठवड्यात तीन जणांना वेगवेगळे गाठा: एक वयस्क, एक बाई, एक शाळकरी मूल. प्रत्येकाला विचारा, ‘या तीन महिन्यांत माझ्या बोलण्यात आणि वागण्यात काय जुळले नाही?’ पहिल्यांदा ते ‘काही नाही’ म्हणतील, पुन्हा विचारा. मुलाला घाई करू नका, तेच बहुधा खरे सांगते. मधे बोलू नका, खुलासा देऊ नका, वहीत लिहून घ्या. त्यातली एकच गोष्ट निवडून पुढच्या पौर्णिमेपर्यंत तिच्यावर काम करा, आणि पौर्णिमेला त्याच तिघांकडे परत जाऊन विचारा.